विंचू उतरला म्हणाले

३ एप्रिल

आज दिवसभरात तीनदा तोंड उघडलं. सकाळी रेश्माला — "लोहाच्या गोळ्या उशाखाली ठेवायच्या नसतात गो, गिळायच्या असतात." दुपारी एका बकरीला — "बाजूला हो." संध्याकाळी आरशाला — "काय सिस्टर, जेवलात का?" तिघींतनं बकरीनं तेवढं ऐकलं.

पठारावर येऊन एकवीस दिवस झाले. कुडपणच्या अलीकडची वाडी. चाळीस घरं, त्यातली अर्धी कुलपात, माणसं मुंबईला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी सिस्टर, मागच्या खोलीत मी दिशा. मधी पडदा हाय. तो मीच ओढते आणि मीच सारते.

ही शिक्षा हाय. कुणी तसं म्हणत नाय, पण हाय. खालच्या केंद्रात असताना मी तालुक्याच्या मोठ्या साहेबांच्या आवाजात फोन केलेला — "उद्या तपासणीला येतोय, आधी संडास बघणार." दोन दिवस अख्खा स्टाफ घासत होता. जुल्फिकार सर, आमचे डॉक्टर, खुर्चीवर चढून जाळी काढत होते. तिसऱ्या दिवशी मलाच हसू आवरलं नाय. सर ओरडले नायत. म्हणाले, "दिशा, तुझा कान चांगला आहे. तो जरा पेशंटला लाव." आठवड्यानं ऑर्डर आली. पठार.

४ एप्रिल

देवळामागच्या कातळावर उभं राहिलं की फोन बरा लागतो. घरात आला तर आला. कातळावर जाऊन अलीशबाला मेसेज टाकला. ट्रेनिंगला आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, सगळे उद्योग दोघींनी मिळून केलेले. आता ती पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाय.

बिझी असंल.

७ एप्रिल

इथं माझ्याबरोबर काम करतात त्या आनंदीबाई. वाडीच्या आशा सेविका. पन्नाशीच्या. रेश्मा त्यांची सून. बाई दारातनं आत यायच्या आधी आनंदीबाईंना कळतं तिला काय होतंय. मी बारावीला दोनदा गचकले, नर्सिंगला एकदा. त्या सातवी शिकलेल्या, आणि मला रोज एक तरी गोष्ट दाखवतात जी पुस्तकात मी वाचली नव्हती. पुस्तकात असंलही. मी वाचलं नव्हतं.

आज त्यांच्या रजिस्टरात रबराची पाल ठेवली. मनात म्हटलं, आता किंचाळतील. त्यांनी शेपटीला धरून उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "नोंद कर हिची. वजन घे." आणि गेल्या भेटी द्यायला.

पाल माझ्याकडं परत. रात्री जेवणाच्या डब्यात ठेवली, म्हणजे सकाळी मी विसरलेली असंन आणि दचकंन.

८ एप्रिल

नाय दचकले. लक्षात होतं.

१२ एप्रिल

आज मी पहिली मोठी केस केली आणि अख्ख्या वाडीत हसं झालं.

सध्या राबाचे दिवस. जंगलातनं तोडून आणलेली कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्यांचे भारे, उन्हात वाळलेले असतात. ते भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून जाळतात. त्या वाळल्या भाऱ्यांत विंचू बसतो. सदूनं भारा उचलला, विंचवानं बोटाला डंख मारला. सदू पंचवीस वर्षांचा, दांडगा. चौघांनी धरून आणला. अंगणात लोळत होता. "मेलो, आयशी, मेलो." त्याचं ओरडणं ऐकून काय बघायचं, कुठं बघायचं, सगळं विसरले. एवढंच डोक्यात — हा मरतोय.

म्हटलं, जीप काढा.

जीप वाडीत एकच, सयाजीची. ती तेव्हा नवरदेवाकडच्यांना घेऊन खाली कापडे गावाला निघायची होती. करवल्या आत बसलेल्या. मी त्यांना उतरवलं. आनंदीबाई म्हणाल्या, "सिस्टर, हात बघ आधी त्याचा. गरम हाय." मी ऐकलं नाय. सदू ओरडत होता ना!

खाली सरांनी दोन मिनिटांत तपासला. बोटाजवळ सुई देऊन जागा बधिर केली. सदू गप्प. उठून बसला. म्हणाला, "चा मिळंल का?"

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओरडणारा पेशंट मला आवडतो, दिशा. विंचू चावला आणि ठणका आहे, हात गरम आहेत, म्हणजे बहुतेक विष तिथंच आहे. ठणका गेला, पण हातपाय गार, दरदरून घाम, उलटी, तर मला घाबरायला सांग. तेव्हा ते काळजावर चाललंय."

गोळ्यांची पट्टी दिली. प्राझोसिन. कागदावर लिहून दिलं — असं दिसलं तर आधी मला फोन, मी सांगेन मग गोळी. पेशंटला आडवंच ठेवायचं. घामाला आणि उलटीला फसून सलाईन लावायचं नाही, छातीत पाणी भरतं.

वऱ्हाड तोवर चालत डोंगर उतरून गेलं. नवरदेवाचे बूट हातात.

१३ एप्रिल

सकाळी दारावरनं जाताना सदूच ओरडला, "सिस्टर, डास चावला, जीप काढा!" विहिरीवर बाया पदर तोंडाला लावून. मला चेष्टेचं काय नाय, मी पन्नास जणांची केली असंल. पण माझ्या चेष्टेत मी असायचे. ह्यात मी नाय.

सरांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. पाठ केला. खरंच पाठ केला, आयुष्यात पहिल्यांदा.

१९ एप्रिल

आज कुणीच आलं नाय. थर्मामीटर स्वतःच्या काखेत धरून बसले. अठ्ठ्याण्णव पॉईंट चार. पेशंट बरी हाय, घरी जायला हरकत नाय. घर पडद्यामागं.

२५ एप्रिल

कालचं आज लिहिते. खालच्या केंद्रातल्या बाकड्यावर बसून, केसपेपरच्या मागच्या बाजूला. मग वहीत चिकटवीन.

काल दुपारी बाराच्या सुमाराला रेश्मा आली. चालत, धावत नाय. म्हणाली, "सिस्टर, डोकेदुखीची गोळी हाय का? आत्याबाईंना मळमळतंय." मी पट्टी हातात देणार, तेवढ्यात म्हणाली, "इंचू तर उतरला कवाच."

कसला विंचू?

सकाळी दहाला आनंदीबाईंना चावलेला. भारा उचलताना, मनगटाच्या वर. मला सांगितलंच नाय कुणी. का, तर — "उगा जीप काढायला लावाल म्हणून आत्याबाईच म्हणाल्या, सिस्टरला नको सांगू."

म्हणजे सदूची जीप. माझी ती एक चूक इथवर आली.

गेले. अंगणात दहाबारा माणसं, गणूबाबा मधी. गणूबाबा विंचू उतरवतो. निरगुडीची डहाळी खांद्यापासनं खाली फिरवत इचारतो, "कुठं हाय?" कोपरात. फिरवतो. "आता?" मनगटात. बोटाच्या टोकाशी आला की डहाळी जमिनीवर आपटतो. संपलं. सगळी वाडी हेच करते, आणि ठणका खरंच कमी होतो, मी बघितलंय.

आनंदीबाई भिंतीला टेकून. मला बघून ओशाळल्या. "उतरला गो. दुखत नाय आता. बघ." हात पुढं केला.

मी हात धरला आणि गार होता.

भर उन्हाळा. सकाळपासनं लाईट नाय, पंखा नाय, अंगणात सगळेच घामेजलेले. कुणी म्हटलं, "घाम उकाड्याचा." पण बाकीच्यांचे हात गरम. मी खरंच धरून बघितले — रेश्माचा, गणूबाबाचा. आनंदीबाईंचाच तेवढा विहिरीच्या पाण्यासारखा. साडी चोळीपासनं भिजलेली. पाय बघितले, ते पण गार. त्यांच्या अंगावर काटा. नाडी पळतेय. दोनदा उलटी झालेली.

आणि दुखत नाय म्हणतेय.

सदू लोळत होता तेव्हा मला वाटलं मेला. ही शांत बसलीय आणि माझ्याशी ओशाळून बोलतेय. कान पेशंटला लाव म्हणालेले सर. तर कान लावला, आणि ऐकू आलं की ही ओरडत नाय.

बीपी घेतलं. एकशेसत्तर वर, एकशेदहा खाली. बाईंचं एकशेवीसच्या वर मी कधी बघितलं नाय.

सगळे एकदम बोलायला लागले. सयाजी सगळ्यात मोठ्यानं — "सलाईन लावा सिस्टर, एवढा घाम गेलाय, दोन बाटल्या लावा, मग बघू." बाकीचे पण, सलाईन, सलाईन. मी म्हटलं, सलाईन नाय. खाली न्यायचं. एक जण हसला. "परत जीप?"

फोन लावला सरांना. लागला नाय. परत. नाय. कातळावर जायला-यायला पंधरा मिनिटं. मधल्या वेळात ही उठून बसली, कुणी सलाईन आणलं, कुणी पाणी पाजत राहिलं, तर? आणि तेवढ्यात त्यांना खोकला आला. बारीकसा, कोरडा. छातीत पाणी भरायला लागलं असंल तर? त्या खोकल्यानं मी ठरवलं. कातळावर जायचं नाय. हात सोडायचा नाय.

पण ऐकणार कोण? माझ्या शब्दावर वाडीत बकरी पण... असो. बकरीनं ऐकलं होतं.

म्हणून मी केलं ते केलं. फोन कानाला लावला आणि बोलायला लागले. "सर? हो सर, दिशा. आनंदीबाई. हो. हात गार आहेत. हो सर, घाम. बीपी एकशेसत्तर. सलाईन? नको? बरं सर, अजिबात नको. गोळी एक? लगेच? आडवंच ठेवते सर. हो, जीपनंच. हो, आत्ता."

मधे मधे थांबत होते. सर बोलतील एवढा वेळ. जन्मात इतका चांगला आवाज काढला नसंल, आणि तो माझाच होता.

अंगण गप्प. सयाजी मघापासनं सलाईन सलाईन करत होता, तो पण. माझ्याकडं बघत राहिला. मग चावी काढून गेला जीपकडं.

गणूबाबानं वाकून आनंदीबाईंचा पाय धरला, तळव्यापासनं गुडघ्यापर्यंत. म्हणाला, "गार हाय. माझं काम झालं. पुढचं हिचं." आणि बाजूला झाला.

गोळी दिली. बारा चाळीस. घोटभर पाण्याबरोबर. आनंदीबाईंनी गोळी हातात घेऊन क्षणभर माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, विचारतील. नाय विचारलं. गिळली.

जीपच्या मागच्या बाकावर आडवं झोपवलं. घाटात प्रत्येक वळणाला उठून बसायला बघत होत्या. "पुरं झालं गो, बसू दे." नाय दिलं बसू. गोळीनं बीपी उतरतं, बसवलं तर चक्कर येऊन तिथंच पडायच्या. त्यांच्या अंगावर हात आडवा टाकून मी जीपच्या तळाला बसलेली. एकदा म्हणाल्या, "तू फार जड हायस." मी म्हटलं, "वजन घ्या. नोंद करा." हसल्या का खोकल्या, कळलं नाय. मला त्या वेळी खोकलाच ऐकू येत होता.

आणि सगळ्या रस्त्यानं एकच — मी चुकले असंन तर? हा खरंच उकाडा असंल तर? मी सरांचं नाव खोटं घेऊन गोळी घातलीय पोटात.

खाली कापडे गाव आलं तेव्हा बोटं कोमट लागली. मी परत परत धरून बघत होते, माझ्याच हाताची ऊब तर नाय ना म्हणून. मग पाय धरला. पाय तर मी धरला नव्हता इतका वेळ. तो पण कोमट.

सरांनी छाती ऐकली. बराच वेळ. ऑक्सिजन लावला. म्हणाले, "छातीत खाली थोडं पाणी आहे. थोडंच. कधी दिली गोळी?"

मी तोंड उघडायच्या आत सयाजी म्हणाला, "तुमीच सांगितलंत ना साहेब, फोनवर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग सयाजीला म्हणाले, "हो. सांगितलं."

सयाजी गेल्यावर दार लोटलं. मी सगळं सांगून टाकलं. रडत नव्हते, नाक गळत होतं नुसतं. ते म्हणाले, "लिही. जसं झालं तसं. वेळेसकट." मी लिहिलं — फोन लागला नाही. गोळी मी माझ्या निर्णयानं दिली. लोकांना फोन लागला असं खोटं सांगितलं. सही.

सरांनी वाचलं. "नियम मोडलास. आणि बरोबर ओळखलंस. मी दोन्ही लिहिणार आहे." कागद फायलीत लावत, "पुढच्या वेळी माझं नाव घेऊ नको. तुझं घे."

माझ्या नावावर कोण गोळी गिळतंय सर? असं म्हणणार होते. नाय म्हटलं.

२७ एप्रिल

वर आले. आनंदीबाई अजून खाली, पण धोका नाय. खोकला गेला. रजिस्टर त्यांच्या हातचं उघडलं. अक्षर मोठं, गोल, ओळीच्या खाली उतरणारं. पडदा आज ओढलाच नाय.

२८ एप्रिल

सगळ्या वाडीच्या तोंडात साहेब. "साहेबांनी फोनवर बसल्या जागी ओळखलं." "नुसत्या फोनवर!" "केवढा हुशार डॉक्टर." गणूबाबा येऊन म्हणाला, "सायबांस्नी फोन लावून इचार, माजा गुडघा कंच्या गोळीनं उतरंल." मी म्हटलं, कातळावर जाऊन विचारते. तर म्हणतो, "हितनंच लाव की. तुजा लागतो."

३० एप्रिल

रेश्मा — "सिस्टर, साहेबांचा फोन आला तर विचारा, आत्याबाईंनी आज भाकरी खाल्ली का." सदू — "साहेबांना विचारा, मी लग्न कधी करू." सगळ्यांचे चेहरे एकदम सरळ. साहेब, साहेब, साहेब.

मीच केलंय, कुणाला सांगू? हात मी धरला होता. पण त्यांच्यासाठी मी फक्त फोन. ज्यातनं सर बोलले.

अलीशबाला मेसेजमध्ये सगळं लिहिलं, चार पानांचा झाला. मग खोडला. कुठनं सुरवात करायची तेच कळंना.

४ मे

आनंदीबाई आल्या. अंगणात खाट टाकून बसल्यात, बाया भोवती. मी बीपी घ्यायला गेले. एकशेअठरा. पट्टा सोडताना त्यांनी माझं मनगट धरलं, तळहात उलटा करून बघितला, जसं त्या पोरांचे हात बघतात. "जेवतेस का नीट? हात गार हाय तुझा."

पंख्याखाली बसून आले होते. तसं सांगितलं. त्यांनी काय सोडला नाय लगेच.

बाहेर पडताना मागनं कुणीतरी म्हणालं, "साहेबांना कळवा हां, बीपी उत्तम." आणि सगळ्या हसल्या. मी पण दात दाखवले. घरी येऊन पडदा ओढला.

९ मे

सयाजी डोळे आलेत म्हणून थेंब घालून घ्यायला आला. घालताना म्हटलं, तुमचे साहेब काय म्हणतायत. असंच, तिरकं. डोळे मिटून पडला होता. म्हणाला, "सिस्टर, त्या दिवशी सकाळी सातलाच टॉवर बंद पडलेला. लाईट नव्हती ना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडीत एकाचा फोन लागला नाय. सगळ्यांना म्हाईत होतं. आनंदीबाय तर सकाळपासनं पोराला लावून लावून दमलेली."

मला तेवढं म्हाईत नव्हतं. मला फोन येतात कुठं.

बाटलीचं झाकण लावायला जरा वेळ लागला. म्हटलं, मग तेव्हा कुणी बोललं का नाय?

"तुमी फोनवर बोलत व्हता ना," तो म्हणाला. "मधी कसं बोलायचं?"